लॅबच्या रिपोर्टची समीक्षा : ६.५ ही रेषा कुणी मारली?

समीक्षा म्हटलं की आपल्याला कादंबरी, नाटक, फार तर एखादा शोधनिबंध आठवतो. आज समीक्षेला घेतलाय तो एक पानाचा कागद आहे. त्याला लेखक नाही, प्रस्तावना नाही, आणि वाचणाऱ्याला त्यातला एकच आकडा दिसतो. मी बोलतेय तीन महिन्यांच्या शुगरच्या रिपोर्टबद्दल, म्हणजे एचबीएवनसीबद्दल.

हा कागद का? पेट किंवा नेटची तयारी करताना तुम्ही 'दस्तऐवजांचे विश्लेषण' हा मुद्दा पाठ करता, आणि उदाहरण म्हणून गॅझेटियर किंवा जनगणना लिहिता. पण कलिना कॅम्पसच्या गेटमधून बाहेर पडून वाकोल्यात चालत गेलात, तर दत्तमंदिर रोडच्या आसपास अर्ध्या तासात चार-पाच कलेक्शन सेंटर दिसतील. या वस्तीत सगळ्यात जास्त वाचला जाणारा वैज्ञानिक मजकूर कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी लॅबचा रिपोर्टच म्हणेन. तो वाचून लोक भात सोडतात, गोळी वाढवतात, गोळी बंद करतात, मुलीच्या लग्नाच्या पंगतीत जिलबीकडे बघून मान फिरवतात. एवढं ज्याच्यावर ठरतं, तो मजकूर नीट तपासायला नको का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. रिपोर्टमधला आकडा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. गडबड आहे ती त्याच्या शेजारच्या रकान्यात.

आधी मजकूर बघू

रिपोर्टची बांधणी ठरलेली असते. डावीकडे टेस्टचं नाव, मग रिझल्ट, मग युनिट, आणि शेवटी 'रेफरन्स' नावाचा रकाना. एचबीएवनसीसाठी त्यात साधारण असं छापलेलं असतं : ५.७ पेक्षा कमी, डायबेटिस नाही. ५.७ ते ६.४, प्री-डायबेटिस. ६.५ किंवा जास्त, डायबेटिस. आकडा रेषेबाहेर गेला की ठळक होतो किंवा शेजारी 'एच' येतो. तळाला एक वाक्य असतं, ज्याचा अर्थ 'हा निकाल रुग्णाच्या लक्षणांशी ताडून बघावा' असा होतो.

आता संशोधकाचा पहिला प्रश्न विचारा : हा मजकूर कुणासाठी लिहिलाय? तळाचं वाक्य डॉक्टरसाठी आहे. ताडून बघणं हे त्यांचं काम. पण रिपोर्ट जातो कुणाकडे? संध्याकाळी सातला पेशंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. डॉक्टर भेटणार उद्या, नाहीतर सोमवारी. मधल्या वेळात तो कागद सून वाचते, मुलगा गुगल करतो, मेडिकलवाला मत देतो. एका वाचकासाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्याच वाचकाच्या हातात पडतो, आणि लिहिणाऱ्याने त्याची काहीच तजवीज केलेली नसते. मजकुराचा हा पहिला दोष.

एका रकान्यात दोन जातीच्या रेषा

दुसरा दोष जास्त खोल आहे, आणि पद्धतिशास्त्र शिकणाऱ्यांनी तो नक्की समजून घ्यावा.

'रेफरन्स' रकान्यात दोन वेगळ्या प्रकारच्या रेषा एकाच टाइपात छापल्या जातात. पहिला प्रकार म्हणजे संदर्भ-पट्टा. निरोगी माणसांचा एक गट घ्यायचा, त्यांची तपासणी करायची, आणि मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जिथून जिथपर्यंत पसरलेत तो पट्टा छापायचा. म्हणजे व्याख्येनेच १०० निरोगी माणसांतली ५ पट्ट्याबाहेर असणार. आता 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज आठवा. समजा त्यात २० टेस्ट आहेत आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. पूर्ण निरोगी माणसाचे वीसच्या वीस आकडे पट्ट्यात येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. थोडक्यात, ठणठणीत माणसालाही किमान एक ठळक आकडा दिसण्याची शक्यता ६४ टक्के! हे गणित कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा.

दुसरा प्रकार म्हणजे निर्णय-रेषा. ती निरोगी माणसांच्या सरासरीतून येत नाही. 'या आकड्यापुढे अमुक त्रास वाढलेला दिसतो' अशा पुराव्यातून ती येते. एचबीएवनसीची ६.५ ही रेषा या जातीची आहे. डोळ्याच्या पडद्यावर डायबेटिसमुळे होणारा परिणाम, ज्याला रेटिनोपॅथी म्हणतात, तो साधारण कुठल्या पातळीपासून जास्त दिसायला लागतो, हे बघून ती ठरली. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ती सुचवली, २०१० मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने निदानासाठी घेतली, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली. मान्य करताना संघटनेने हेही सांगितलं की आकडा ६.५ च्या खाली आहे म्हणून डायबेटिस नाहीच असं म्हणता येत नाही. साखरेच्या इतर तपासण्यांत तो सापडू शकतो. हे दुसरं वाक्य रिपोर्टवर छापलेलं मला अजून दिसलं नाही. तसंच स्पष्ट लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान पक्कं करू नये, दुसऱ्या तपासणीने खात्री करावी, हा नियमही रकान्यात मावत नाही.

५.७ ची गोष्ट तर आणखी मजेशीर. प्री-डायबेटिसची ही रेषा अमेरिकन असोसिएशनची. २००९ च्या तज्ज्ञ समितीने जास्त धोक्याचा पट्टा ६.० पासून धरला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ६.५ च्या खालच्या आकड्यांना असं नाव दिलंच नाही. उपाशीपोटीच्या साखरेतही हीच तफावत. अमेरिकन असोसिएशनने २००३ मध्ये धोक्याची खालची रेषा ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटना ११० वरच राहिली. म्हणजे वाकोल्यातल्या एखाद्या रिक्षावाल्या दादांची उपाशीपोटी साखर १०४ आली, तर एका मापाने ते प्री-डायबेटिक आणि दुसऱ्या मापाने नॉर्मल. त्यांच्या शरीरात काहीच बदललेलं नाही, फक्त मोजपट्टी वेगळी.

हा फरक एका माणसापुरता राहत नाही. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाबचे देशभरातले निष्कर्ष 'लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी'मध्ये आले : १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस, १३ कोटी ६० लाखांना प्री-डायबेटिस. ही मोजणी जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांवर झाली होती. हेच काम अमेरिकन रेषा धरून केलं असतं तर दुसरा आकडा फुगला असता. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर हे आकडे टाकणार असाल (आणि बरेच जण टाकतात), तर 'कुठल्या निकषाने' हे दोन शब्द सोबत लिहा.

आकडा हलतो, पण हलताना दिसत नाही

तिसरा मुद्दा मोजमापाचा. समजा लॅबच्या मशीनमध्ये २ टक्के चलनाची चूक आहे, म्हणजे तोच नमुना पुन्हा पुन्हा लावला तर आकडे एवढे मागेपुढे होतात. मग ६.५ या निकालाचा अर्थ साधारण '६.२५ ते ६.७५ च्या मधे कुठेतरी' असा होतो. दोन रिपोर्टची तुलना केली की अनिश्चितता आणखी वाढते, कारण दोन्ही आकडे हलतात. ७.० च्या आसपास दोन निकालांत सुमारे ०.४ चा फरक नुसत्या मशीनमुळेही पडू शकतो. दरवेळी लॅब बदलत असाल तर विचारूच नका.

आणि आपल्याकडे ७.० वरून ७.२ झालं की घरात काय होतं? "खाल्लंत ना गपचूप काहीतरी?" सासू-सुनेत, नवरा-बायकोत, त्या ०.२ वरून खरीखुरी भांडणं होतात. ज्या फरकाला संख्याशास्त्र फरक मानायलाही तयार नाही, त्याच्यासाठी माणसाला चोर ठरवलं जातं. दशांश चिन्हानंतरचा एक आकडा छापायचा आणि त्याच्या मागेपुढे किती हे छापायचं नाही, याला मी अर्धवट माहिती म्हणते.

सरासरी कुणाची?

बऱ्याच रिपोर्टमध्ये एचबीएवनसीच्या खाली 'अंदाजे सरासरी ग्लुकोज' अशी ओळ असते. ती मोजलेली नसते, सूत्राने काढलेली असते : २८.७ गुणिले एचबीएवनसी, वजा ४६.७. त्यामुळे ७.० ला १५४ येतं. हे सूत्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आलं. त्यात शेवटच्या विश्लेषणात ५०७ माणसं होती, त्यांतली टाइप दोन डायबेटिसची १५९. आणि मूळ अभ्यास हेही सांगतो की एचबीएवनसी ७ असलेल्या वेगवेगळ्या माणसांची खरी सरासरी १२३ ते १८५ एवढी पसरलेली असू शकते. रिपोर्टवर उरतं फक्त १५४.

पण खरा मुद्दा पुढे आहे. या अभ्यासात रक्तक्षय असलेल्यांना घेतलंच नव्हतं. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होतं, कारण एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते. पेशींचं आयुष्यमान बदललं की आकडा बदलतो, साखर तीच असली तरी. लोहाच्या कमतरतेत तो बहुधा थोडा वर सरकतो. पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल तर खाली येतो. थॅलेसेमिया मायनर, सिकलसेलचा वाहक असणं, यांनीही गोंधळ होऊ शकतो. विदर्भात काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आता हे सूत्र महाराष्ट्रात आणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. (तिथेही रक्त बोटातून घेतलं होतं, त्यामुळे त्या आकड्यावरही वाद आहेच. मोजमापावर प्रश्न विचारायचे तर सगळ्याच मोजमापांवर विचारायचे.) वाद गृहीत धरला तरी चित्र स्पष्ट आहे : ज्या प्रकारच्या माणसांना अभ्यासातून वगळलं, त्यांच्याच रिपोर्टवर त्या अभ्यासाचं सूत्र छापलं जातं, आणि तेही एक ओळ इशारा न देता.

मी पीएचडी करते हे कळल्यापासून आमच्या चाळीतल्या बायका मला रिपोर्ट दाखवतात. "तू डॉक्टर होतेयस ना गं? मग बघ की!" त्यातल्या एका काकूंचा एचबीएवनसी ७.६ आला होता. घरी ग्लुकोमीटरवर मात्र साखर बहुतेक वेळा ठीक. काकूंनी ग्लुकोमीटर बिघडलाय असं ठरवलं, रात्रीची भाकरी अर्धी केली आणि गोळी तशीच चालू ठेवली. साखर एकदम खाली नेऊ शकेल अशी ती गोळी होती. त्याच पाकिटातल्या दुसऱ्या पानावर हिमोग्लोबिन ८.४ होतं, पण ते पान 'शुगरचं' नव्हतं म्हणून कुणी बघितलं नव्हतं. मी काही सल्ला दिला नाही, तो माझा अधिकार नाही. फक्त म्हटलं, "काकू, दोन्ही पानं आणि ग्लुकोमीटरची वही एकत्र डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, आणि विचारा की रक्त कमी असल्यामुळे हा आकडा फसवत असेल का?" डॉक्टरांनी वही बघितली, लोहाची तपासणी सांगितली, आणि ती येईपर्यंत गोळी वाढवायचा विचार बाजूला ठेवला. दोन पानं शेजारी ठेवण्याचं हे काम रिपोर्ट स्वतः करू शकला असता.

मग रिपोर्ट फेकून द्यायचा का?

नाही. इथेच समीक्षक आणि फॉरवर्डबहाद्दर यांच्यात फरक करायला शिका. 'कंपन्या गोळ्या विकायला रेषा खाली आणतात' हा मेसेज तुम्हालाही आला असेल. १९९७ मध्ये उपाशीपोटीची निदान-रेषा १४० वरून १२६ वर आली हे खरं आहे. पण त्यामागे युक्तिवाद होता : १४० ही रेषा ग्लुकोज प्यायल्यानंतरच्या दोन तासांच्या २०० या रेषेशी जुळत नव्हती, आणि डोळ्यांवरचे परिणाम त्याआधीच दिसत होते. त्या युक्तिवादाशी वाद घाला, जरूर घाला. पण तो वाचून घाला.

आकडा कमी करण्याचा फायदाही कागदावर आहे. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात (निष्कर्ष १९९८) नव्याने निदान झालेल्या टाइप दोनच्या रुग्णांचा एचबीएवनसी एका गटात ७.० आणि दुसऱ्यात ७.९ राहिला, आणि दहा वर्षांत डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासांत २५ टक्के घट दिसली. उलट बाजूही आहे. अकॉर्ड अभ्यासात दहा हजारांवर माणसं होती, आकडा ६.० च्या खाली नेण्याचा जोर लावलेल्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. म्हणजे 'जितका कमी तितका चांगला' हेही खरं नाही. वय, बाकीचे आजार, साखर घसरण्याचा धोका, हे बघून प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं असतं. रकान्यात मात्र सगळ्यांना एकच रेषा.

आणि या टेस्टची एक मोठी जमेची बाजू सांगितलीच पाहिजे : हिला उपाशी राहावं लागत नाही. सकाळी साडेसहाला धुणीभांड्याला निघणाऱ्या बाईला किंवा रात्रपाळी करून येणाऱ्या वॉचमनला हे किती सोयीचं आहे, ते वाकोल्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

डॉक्टरांचे तीन मिनिट

रिपोर्टच्या उणिवा डॉक्टरने भरून काढाव्यात अशी अपेक्षा असते. पण ओपीडीची रांग बघितलीत तर कळेल की एका पेशंटच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. त्यात संवाद असा होतो : "वाढलीय." "पण पथ्य करतेय हो." "मग वाढली कशी?" आपल्या भाषेतच बघा ना, परीक्षेचाही 'रिझल्ट' आणि रक्ताचाही 'रिझल्ट'. रिपोर्ट 'चांगला येतो' किंवा 'खराब येतो'. म्हणून लोक तपासणीच्या आधी आठवडाभर गोड सोडतात, जणू परीक्षेच्या आदल्या दिवशीचा अभ्यास. उपाशीपोटीच्या साखरेवर त्याचा थोडा परिणाम होतो. एचबीएवनसीवर फारसा नाही, कारण त्यात सुमारे अर्धा वाटा गेल्या महिन्याचा आणि बाकीचा त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांचा असतो. पेशंट गुणपत्रिका समजून आकडा लपवायला लागला की डॉक्टरकडे पोचणारी माहितीच बिघडते. मजकूर ज्या पद्धतीने छापलाय, ती पद्धत माणसाचं वागणं घडवते. हे वाक्य तुमच्या पद्धतिशास्त्राच्या पेपरात उपयोगी पडेल, पण त्याहून जास्त तुमच्या आईच्या पुढच्या तपासणीला पडेल.

समीक्षकाने पर्यायही सुचवावा. माझ्या मते रिपोर्टच्या तळाला मराठीत चार ओळी पुरेशा आहेत :

'हा आकडा साधारण ०.२–०.३ ने मागेपुढे असू शकतो. रक्त कमी असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा थॅलेसेमिया-सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पहिल्यांदाच ६.५ च्या वर आला असेल आणि त्रास नसेल तर खात्रीची तपासणी लागते. डॉक्टरांना भेटेपर्यंत गोळी स्वतःहून वाढवू किंवा बंद करू नका.'

याला ना नवं मशीन लागतं ना जादा पैसे. शाई थोडी जास्त लागेल.

आता तुमचं काम. घरातल्या कुणाचा तरी रिपोर्ट घ्या. आधी त्यांची परवानगी विचारा, आणि नाव, वय, बारकोड झाका. घरचा माणूस असला तरी हा नियम मोडायचा नाही. मग कागदावर चार उत्तरं लिहा : हा मजकूर कुणासाठी लिहिलाय? रेषा कुठल्या जातीची आहे आणि कुणी ठरवली? आकडा किती हलू शकतो, आणि ते छापलंय का? ज्या माणसांवरून नियम बनला, त्यांत हा माणूस बसतो का? हेच चार प्रश्न पुढे शोधनिबंधाला, सरकारी अहवालाला आणि तुमच्या स्वतःच्या प्रश्नावलीला लावता येतात. लिहून झालं की कमेंटमध्ये टाका. पुढच्या लेखात त्यातली दोन-तीन उत्तरं घेऊन बोलू.